रुमालाखालचा भाव

द्वारका गजभारे हिच्या तोंडी लागू नये, असं तेलंगणातल्या भैंशाच्या कापूस विक्री संघात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं जाई. "बाई कामाची हाय, पण लई तिखट हाय," हा जुन्यांचा सल्ला. आपल्याकडं बाई गप्प बसली की गुणाची आणि बोलली की तिखट, मधलं काही नसतंच. हे तिखट आलं कुठून, ते मात्र कुणी तिला कधी विचारलं नाही.

ती मुधोळजवळच्या खेड्यातली. बाप मारोती गावच्या पाटलाकडं सालगडी होता. बाबासाहेबांचा धम्म घरात आला होता, पण सालगड्याचं साल काही त्यानं चुकलं नव्हतं. पुढं सरकारनं मारोतीला माळावरचा एक तुकडा दिला. त्यातले दगड वेचून वेचून त्यानं ऐंशी साली जन्मात पहिल्यांदा स्वतःचा कापूस पिकवला आणि मागून आणलेल्या बैलगाडीत भरून तो भैंशाला निघाला. गाडीत कापसाच्या ढिगावर शाळकरी द्वारका बसली होती.

तिथं संघाच्या आवारात तिनं पहिला हर्रास, म्हणजे कापसाचा लिलाव, पाहिला. खरेदीदार आणि अडत्या समोरासमोर उभे राहिले, दोघांनी हात पुढं केले, हातांवर एक रुमाल पडला आणि रुमालाखाली बोटांची धरपकड सुरू झाली. कुठलं बोट धरलं, किती दाबलं, यावर भाव ठरायचा. वरून बघणाऱ्याला काही कळत नसे, आणि कळू नये म्हणूनच तो रुमाल. कापूस ज्याचा, तो आपल्या गाडीशी चप्पल काढून उभा.

"भाव काय ठरला, मालक?" रुमाल उचलल्यावर मारोतीनं विचारलं.

"बरा ठरला," अडत्या म्हणाला.

"बरा म्हंजे किती?"

"तुले पैशाशी काम का भावाशी काम?"

मारोतीनं मुंडासं सारखं केलं आणि तो गप्प झाला. द्वारकाला आधी बापाचा राग आला. मग आपल्याला बापाचा राग आला म्हणून स्वतःचा आला. शेवटी रुमालाचा आला, आणि तो काही उतरला नाही.

मॅट्रिक होऊन, निर्मलला टायपिंग शिकून, अठ्ठ्याऐंशी साली ती त्याच आवारात कारकून म्हणून आली. राखीव जागा होती, भरणं भाग होतं. पहिल्या दिवशी तिनं दफ्तरातल्या माठातून आपल्या हातानं पाणी घेतलं आणि सगळ्यांच्या देखत घटाघटा प्यायली. दुसऱ्या दिवसापासून सचिव भगवंतराव घरून पाण्याची बाटली आणू लागले. ते देवभोळे, मवाळ, कुणाला उणा शब्द न बोलणारे गृहस्थ. पण बाटली आणायचे. द्वारकानं आठवडाभर पाहिलं आणि एकदा विचारलं, "साहेब, आमच्या माठाचं पानी बाधते का तुमाले?" भगवंतराव ओशाळले. बाटली मात्र येतच राहिली.

संघाचे अध्यक्ष चंपतराव. संघ शेतकऱ्यांचा, अध्यक्ष शेतकऱ्यांचा, आणि अध्यक्षांच्या मेहुण्याच्या नावावर गावाबाहेर कापसाची सरकी काढायचा जिनिंगचा कारखाना. कुंपणानंच शेत खायचं ठरवलं तर राखणदार कोणाला ओरडणार? रुमाल चालू राहण्यात कुणाचं हित आहे हे आवारातल्या बैलांनाही ठाऊक होतं. चंपतराव हसून म्हणत, "झाकली मूठ सव्वा लाखाची." 

तरी एका वार्षिक सभेत चंपतरावांची जीभ घसरली. नव्या योजनेत संघाला कॉम्प्युटर मिळाला होता, पेपरात फोटो आला होता, समोर गर्दी होती. गर्दी पाहिली की पुढाऱ्याला वचनाची उचकी लागते. "येत्या मोसमापासून प्रत्येक गाडीचा भाव आवारात टीव्हीसारखा पडद्यावर दिसंल," असं ते बोलून गेले. टाळ्या पडल्या. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, तिथं कोण जेवायला बसतंय, असा त्यांचा हिशोब असावा. पण मागच्या रांगेत द्वारका बसली होती आणि तिला भूक लागलेली होती.

बसस्टँडवरच्या क्लासात ती केव्हाच कॉम्प्युटर शिकली होती. तिनं या वचनाचा पिच्छा पुरवला. निजामाबादहून राजेश्वर नावाचा तेलुगू इंजिनिअर आला. इंटरनेट तेव्हा भैंशात पोचलं नव्हतं, पण राजेश्वरनं केलेली पडद्यावरची पानं इंटरनेटवर असतात तशीच होती. एका तयार ढाच्यात बसवलेली, क्षणाक्षणाला डेटाबेसला विचारून ताजा भाव दाखवणारी. गाडी कुणाची, गाव कोणतं, वजन किती, भाव काय. दफ्तरातल्या मशीनवर ते पान चाललं तेव्हा द्वारका त्या रिकाम्या रकान्यांकडं बराच वेळ बघत राहिली. आवारातल्या ओट्यासाठी दुसरी, मोठ्या पडद्याची मशीन यायची होती. त्यावर हेच सगळं बसवायचं म्हणून राजेश्वरनं तीन फ्लॉप्या दिल्या. "मेडमगारू, इसमें ड्रायवर है. ये नहीं डाला तो पेज कुछ नहीं बोलेगा."

हा ड्रायव्हर म्हणजे गाडी चालवणारा नव्हे. पान एक भाषा बोलतं, डेटाबेस दुसरी, त्या दोघांत हा दुभाषी. भैंशाच्या माणसाला हे समजायला कॉलेज लागत नाही. इथं व्यापारी हिंदीत बोलतो, तहसीलचा साहेब तेलुगूत आणि शेतकरी मराठीत, आणि मधे तिन्हीकडचं येणारा एक नसला तर तिघेही नुसते एकमेकांची तोंडं पाहतात.

नवी मशीन आली ती नव्व्याण्णव सालच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी. खोकं उघडून, वायरी जोडून, फ्लॉप्या शेजारी ठेवून द्वारका मुधोळला गेली. दसरा तिच्याही घरचा, पण वेगळा. पांढरं लुगडं नेसून धम्मचक्राच्या दिवशी बुद्धविहारात जायचं. इकडं दफ्तरात भगवंतरावांनी शस्त्रपूजा मांडली. तराजू आले, वजनं आली, टाइपरायटर आला, नवी मशीन आली, तिच्या पायाशी तीन फ्लॉप्या आल्या. सगळ्यांना हळद, कुंकू, अक्षता, आपट्याची पानं.

दसऱ्यानंतर चार दिवसांनी बाजाराचा मुहूर्त होता. द्वारका सुट्टीवरून आली ती थेट ओट्यावर नेऊन ठेवलेल्या नव्या मशीनकडं गेली. पहिली फ्लॉपी गेली. दुसरी गेली. तिसरीवर मशीन कुरकुरली, खरखरली आणि म्हणाली, वाचता येत नाही. तिनं पुन्हा घातली. पुन्हा तेच. ड्रायव्हर अर्धाच उतरला. पान उघडलं तर त्यावर इंग्रजीत एक रुक्ष ओळ, डेटा सोर्स सापडत नाही, ड्रायव्हर नेमलेला नाही.

चंपतराव कौतुकानं बघायला आले. "तुमी पूजेला नव्हत्या ना बाई. मशीन रुसली."

"रुसायला ती काय नवी नवरी हाय?"

"मुहूर्ताला गाडीवाले इचारतीन. तुमीच सांगून टाका, मशीन बिघडली म्हनून. पुढल्या साली पाहू."

"म्या नाय सांगनार," द्वारका म्हणाली. "बिघडली नाय. काय झालं ते पाहून राह्यली."

ते गेल्यावर तिनं तिसरी फ्लॉपी बाहेर काढली आणि तिची पत्र्याची झडप बोटानं सरकवली. आत कुंकू. चकतीवर लालभडक ओरखडे, आणि कोपऱ्यात तांदळाचा एक दाणा अडकलेला. ती तशीच भगवंतरावांच्या टेबलाशी गेली आणि फ्लॉपी त्यांच्यापुढं धरली. भगवंतरावांचा चेहरा उतरला.

"वरच्या वर होती ती," ते म्हणाले. "म्या झाकन सरकवून वाह्यलं. म्हनलं, वरवर काऊन, आतलोग पोचावं."

पोचलं होतं. द्वारकाला हसावं की रडावं कळेना. माणूस भक्तीनं वाहतो आणि कपाळ फुटतं ते मशीनचं. ती त्यांना दोन शब्द सुनावणार होती, ती तशी सोडणारी नव्हेच, पण म्हातारा खरोखरच कळवळलेला दिसला म्हणून तिनं जीभ आवरली.

एसटीडी बूथवरून तिनं राजेश्वरला फोन लावला. तिसऱ्या फ्लॉपीची नक्कल घेऊन उद्या या, म्हणाली. पलीकडं राजेश्वर घुटमळला. "मेडमगारू, अध्यक्ष साब का फोन आया था. बोले, जल्दी नहीं है. दिवाली के बाद आओ."

"कब आया था?"

"दसरे के पहले."

द्वारकानं फोन ठेवला. म्हणजे कुंकू पडायच्या आधीच मशीन चालू होऊ द्यायची नाही असं ठरलं होतं. बिचाऱ्या भगवंतरावांनी फुकटात चंपतरावांचं काम हलकं केलं होतं. तिची कानशिलं तापली. आवारात त्या दिवशी बापानं मुंडासं सारखं केलं होतं. हिच्या डोक्याला मुंडासं नव्हतं, आणि गप्प बसायचं तर तिच्या रक्तातच नव्हतं. ती बूथमधून निघाली ती वाटेवरच्या घरी गेलीच नाही. रजा मागितली नाही, कुणाला विचारलं नाही. बासरवरून जाणारी निजामाबादची बस उभी होती, तीत चढली.

राजेश्वर दुकानात एकटा होता. तिला दारात पाहून तो खुर्चीवरून उठलाच. "मैं नहीं दे सकता मेडमगारू. अध्यक्ष साब नाराज हुए तो आगे का काम गया."

"मत दो," द्वारका म्हणाली आणि समोरच्या स्टुलावर बसली. "मैं बैठती हूँ."

ती बसली. गिऱ्हाईक आलं, गेलं. राजेश्वरनं पंखा वाढवला, कमी केला. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता, आणि भित्र्या माणसाला धमकीपेक्षा समोर बसलेली बाई जास्त जड जाते. शेवटी त्यानं टेबलाचा खण अर्धा उघडा ठेवला आणि "चाय पी के आता" म्हणून बाहेर पडला. जाता जाता दारातून पाठमोराच बोलला, "डालने के बाद डेटाबेस का नाम दर्ज करना. नहीं किया तो नहीं दिखेगा." खणात फ्लॉप्या होत्या.

इकडं भैंशात चंपतरावांनी विचारलं होतं, द्वारकाबाई कुठं हायत. जे भगवंतराव उभ्या जन्मात खोटं बोलले नव्हते ते म्हणाले, "डोस्कं दुखून राह्यलं म्हनून घरी गेल्या." हे तिला नंतर शिपायाकडून कळलं. 

परत आल्यावर तिनं ड्रायव्हर पुन्हा बसवायला घेतला. या खेपेला तिन्ही फ्लॉप्या सुरळीत उतरल्या. डेटाबेसचं नाव दर्ज केलं. मशीनमधली तपासणी चालवून पाहिली, ती म्हणाली, डेटाबेस सापडला. द्वारकानं पदरानं घाम पुसला आणि पान उघडलं. डेटा सोर्स सापडत नाही. तिनं मशीन बंद करून चालू केली. ड्रायव्हर काढून पुन्हा घातला. नाव पुसून पुन्हा लिहिलं. तपासणी म्हणायची 'आहे', पान म्हणायचं 'नाही'. दिवस तसाच मावळला.

मुहूर्ताच्या सकाळी आवार गाड्यांनी भरून गेलं. मुधोळकडच्या, तानूरकडच्या, पार धर्माबादच्या बाजूच्या. ओट्यासमोर माणसं जमली आणि काळ्या पडद्याकडं बघू लागली. पलीकडं व्यापारी विडे जुळवत उभे होते, त्यांच्या मधोमध चंपतराव. त्यांनी ओट्याकडं पाहून नुसती भुवई उडवली, म्हणजे सांगून टाका आता.

द्वारका मशीनवर खेकसली, "मले दिसून राह्यलं, मंग तुले काऊन दिसत नाय?"

आणि स्वतःचंच बोलणं कानावर पडताच ती थबकली. तिला दिसत होतं. पानाला दिसत नव्हतं. पान म्हणजे काही द्वारका नव्हे. पान वाढणारा मशीनच्या आतला गडी वेगळा, त्याचं नाव वेगळं. तिनं नाव दर्ज करायची ती खिडकी पुन्हा उघडली. वर दोन कप्पे होते. पहिला वापरणाऱ्याचा, दुसरा सगळ्या मशीनचा. आपण वापरणार म्हणून तिनं सरळ पहिल्यात नाव घातलं होतं, म्हणजे डेटाबेस फक्त तिच्या एकटीच्या डोळ्यांपुरता उघडला होता. चूक तिची होती, कुंकवाची नव्हे, चंपतरावांचीही नव्हे. "आन् मी लोकायले बोलून राह्यली," ती पुटपुटली. पहिल्यातलं नाव पुसलं, दुसऱ्यात लिहिलं, पान उघडलं.

पडद्यावर तक्ता आला. पहिल्या ओळीत उद्धवराव, गाव, वजन. उद्धवराव म्हणजे ओट्यासमोर पहिल्या गाडीशी उभा असलेला उंच, वाळका शेतकरी. आपलं नाव पडद्यावर पाहून तो दोन पावलं पुढं आला. भावाचा रकाना कोरा होता.

चंपतरावही पुढं आले. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, उलट हसू होतं. "चालू झालं? बेस झालं. आता भरा काय भरायचं ते."

तिला त्या हसण्याचा अर्थ कळायला वेळ लागला नाही. पलीकडं उद्धवरावाच्या कापसापुढं अमृतराव उभे होते, आवारातले सगळ्यात मोठे खरेदीदार. त्यांचा आणि अडत्याचा हात पुढं आला होता आणि वर रुमाल पडत होता. ड्रायव्हर बसला, डेटाबेस बोलू लागला, पान तयार झालं, पण त्यात घालायचा आकडा त्या कापडाखाली. उद्या पडदा आणखी मोठा आणला तरी तो कोराच राहणार होता. एवढी धावपळ करून तिनं गाडीवाल्यांना एक रिकामा रकाना दाखवला होता.

"भाव सांगा," तिनं ओट्यावरूनच अडत्याला विचारलं.

"ते आमच्या दोघातलं हाय बाई."

"झाकली मूठ सव्वा लाखाची," चंपतराव म्हणाले, आणि व्यापारी हसले.

"मूठ तुमची," द्वारका म्हणाली, "कापूस उद्धवरावाचा."

ती ओटा उतरली. माणसं बाजूला झाली. पांढऱ्या कापसाच्या गाड्यांमधून ती सरळ अमृतरावांसमोर जाऊन उभी राहिली आणि अडत्याला म्हणाली, "सरका. संघाच्या वतीनं म्या भाव ठरवते." अडत्या चंपतरावांकडं बघत बाजूला झाला. द्वारकानं पदर खोचला, उजवा हात पुढं केला आणि रुमालाखाली घातला.

अमृतरावांनी आपला हात असा मागं घेतला की रुमाल धुळीत पडला.

परक्या बाईची बोटं चारचौघांत धरायची, ही एक गोष्ट. आणि ती बाई गजभाऱ्याची, मारोती सालगड्याची लेक, ही दुसरी. पहिली गोष्ट लोक मोठ्यानं बोलले असते, दुसरी सगळ्यांच्या मनात होती आणि कायद्याच्या भीतीनं ओठांवर येत नव्हती. द्वारकाला दोन्ही पक्क्या माहीत होत्या. ज्या शिवाशिवीनं तिच्या बापाला जन्मभर चप्पल काढून लांब उभं केलं, तीच तिनं आज हातासारखी पुढं केली होती. तिचा हात तसाच पुढं राहिला.

"धरा की बोटं," ती म्हणाली. "रुमाल मी उचलून देते."

अमृतरावांनी चंपतरावांकडं पाहिलं. चंपतराव कापसाकडं बघू लागले. ओट्याच्या पायरीशी भगवंतराव उभे होते, त्यांची मान खाली गेली होती.

मग उद्धवराव बोलला. त्याचा आवाज अगदी साधा होता. "बोटं धरत नसान त तोंडानं सांगा मालक. माझा माल हाय, मले ऐकू येते."

मागच्या गाड्यांवरून लोक उतरून जवळ येत होते. अमृतरावांनी कपाळावरचा घाम पुसला आणि ते काहीतरी पुटपुटले. 

"मोठ्यानं," द्वारका म्हणाली. "वट्ट्यालोग आवाज जायाले पायजे."

"दोन हजार शंभर."

भैंशाच्या त्या आवारात कापसाचा भाव माणसाच्या तोंडून निघालेला लोकांनी पहिल्यांदाच ऐकला. द्वारका ओट्यावर गेली, आकडा घातला, आणि कोरा रकाना भरला. ज्याला वाचता येत होतं त्यानं न येणाऱ्याला वाचून दाखवलं. उद्धवराव पडद्याकडं बघत उभाच राहिला, मग आपल्या बैलांकडं गेला. कुणीतरी हिशोब करू लागलं की गेल्या साली आपल्याला काय मिळालं होतं, आणि गाडीवाल्यांत गलका उठला.

द्वारका पुन्हा खाली उतरली. दुसऱ्या गाडीशी अमृतराव उभे होते. या खेपेला त्यांनी दोन्ही हात पाठीमागं घट्ट बांधून घेतले होते. तिनं आपला उजवा हात पुढं केला आणि ती वाट बघत उभी राहिली. त्यांनी मोठ्यानं भाव सांगितला.